टुलिया गावातली धाड आणि वरून आलेला निधी



दिवेलागण झाली, भाकऱ्या थापून झाल्या असतील, तर जरा भिंतीला टेकून बसा. आज इतिहासातली एक गोष्ट सांगणार आहे. गाव आपलं नाही, देशही आपला नाही. पण गोष्ट निधीची आहे, आणि निधी म्हटलं की आपल्या गटातली प्रत्येक बाई कान टवकारते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हातभट्टीचा विषय निघाला. एक मावशी म्हणाल्या, "सरकारनं पोलिसांना आणखी पैसं द्यावं, गाड्या द्याव्या. मग बघा, रोज धाड पडंल." त्यांच्या शेजारी बसलेली आमची सचिव लगेच म्हणाली, "मावशी, धाड पडती की. पण नेत्यात कुणाला? पिऊन पडलेल्याला. इकणारा दुसऱ्या दिवशी हाय तिथंच."

दोघींचंही खरं होतं. म्हणून मी विचार केला, मावशी म्हणतात तसं एका देशानं खरोखर करून पाहिलं आहे, आणि थोडंथोडकं नाही, पन्नास वर्षांहून जास्त. त्या देशाचं काय झालं ते सांगावं. तो देश अमेरिका.

आधी तिथली रचना समजून घेऊ. आपल्याकडे पोलीस राज्य सरकारचे असतात. अमेरिकेत मात्र जवळजवळ प्रत्येक शहराचे आणि काउंटीचे पोलीस वेगळे. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग. काउंटीचा पोलीसप्रमुख, ज्याला शेरीफ म्हणतात, तो लोकांनी मतं देऊन निवडलेला असतो. अशी लहानमोठी मिळून सुमारे १८,००० पोलीस खाती त्या देशात आहेत. त्यांचा पगार, त्यांच्या गाड्या, हा सगळा खर्च स्थानिक करातून निघायचा. दिल्लीला जसं आपलं केंद्र सरकार, तसं त्यांचं वॉशिंग्टनला. त्या केंद्राचा गावच्या पोलिसाशी पूर्वी फारसा संबंध नव्हता.

१९६० नंतरच्या वर्षांत तिथं शहरांमध्ये दंगली झाल्या, गुन्हे वाढले, लोक घाबरले. १९६८ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका मोठ्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यानं केंद्रात एक नवं खातं उभं राहिलं. त्याचं काम एकच, राज्यांना आणि स्थानिक पोलिसांना पैसे द्यायचे. प्रशिक्षण, रेडिओ, संगणक, गाड्या, हेलिकॉप्टर, दंगल आवरायचं सामान, सगळ्यासाठी. १९८२ मध्ये ते खातं बंद झालं, पण तोवर त्यानं सात अब्ज डॉलरहून जास्त रक्कम वाटली होती. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. म्हणजे सातशे कोटी डॉलर झाले.

आपल्याकडेही पोलीस दलाच्या आधुनिकीकरणासाठी केंद्रानं राज्यांना पैसे देण्याची योजना १९६९-७० पासून आहे. तेव्हा ही कल्पना काही एकट्या अमेरिकेची नव्हे.

खातं बंद झालं तरी वरून पैसा यायची सवय लागली होती. आणि १९८० नंतर अमेरिकेत एक नवं संकट आलं, क्रॅक नावाचं. कोकेन ही पांढरी पूड, महाग नशा. तिच्यापासून केलेले छोटे खडे म्हणजे क्रॅक. हे खडे स्वस्तात मिळायचे, म्हणून ते गरीब वस्तीत शिरले. दारूनं घर कसं बसतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. तिथल्या बायकाही तेच भोगत होत्या. कोपऱ्याकोपऱ्यावर विक्री, पोरांच्या हातात पिस्तुलं, रात्री गोळीबार. "पोलीस पाठवा" अशी मागणी त्या वस्त्यांमधूनही होत होती. ही मागणी खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

१९८६ साली तिथल्या संसदेनं कडक कायदा केला. पाच ग्रॅम क्रॅक सापडला तर कमीत कमी पाच वर्षं कैद. तीच शिक्षा पुडीच्या कोकेनला लागायला मात्र पाचशे ग्रॅम सापडावं लागे. क्रॅकच्या खटल्यांत बहुतेक कृष्णवर्णीय माणसं आत गेली. हा शंभरपट फरक पुढं २०१० साली कमी केला, पण पूर्ण गेला नाही. त्याच १९८६ च्या कायद्यात स्थानिक पोलिसांना अमली पदार्थांविरुद्धच्या कामासाठी अनुदान द्यायचीही तरतूद होती.

मग २६ फेब्रुवारी १९८८ ची रात्र आली. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात एका माणसानं आपल्या गल्लीतल्या अमली पदार्थ विकणाऱ्यांविरुद्ध तक्रार दिली होती. त्याच्या घरावर हल्ले होत होते. म्हणून घरासमोर पोलिसांची गाडी उभी केलेली. गाडीत एकटा बसला होता एडवर्ड बर्न, वय २२, नोकरीत नवाच. पहाटेच्या अंधारात विकणाऱ्यांच्या टोळीनं त्याला गाडीतच गोळ्या घातल्या. साऱ्या देशानं हळहळ केली. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि स्थानिक पोलिसांच्या अनुदानाला त्याचं नाव दिलं गेलं, एडवर्ड बर्न स्मृती अनुदान. तक्रार करणाऱ्या साध्या माणसाचं रक्षण करताना मेलेल्या पोरग्याच्या नावाचा हा निधी. सुरुवात इतकी चांगली होती, मैत्रिणींनो, हे लक्षात असू द्या.

आता निधी चालायचा कसा ते बघू. पैसे केंद्राकडून राज्याला, राज्याकडून खाली. केंद्र जास्तीत जास्त ७५ टक्के देणार, बाकीचे २५ टक्के खालच्यांनी घालायचे. आपल्याकडे लोकवर्गणीची अट असते ना, तसंच. लहान काउंट्यांना एकेकटीला हे जमेना, म्हणून अनेक काउंट्यांनी मिळून अमली पदार्थविरोधी पथकं काढली. टेक्सास राज्यात अशी चाळीसहून जास्त पथकं झाली. या पथकांचा जीव अनुदानावर. अनुदान दरवर्षी नव्यानं मागायचं. आणि मागताना दाखवायचं काय? किती जणांना पकडलं, किती माल धरला, किती पैसा आणि गाड्या जप्त केल्या. जप्त केलेल्या मालाचा वाटाही पोलिसांना मिळायचा, तो नियम १९८४ सालापासूनच होता.

किती पोरं नशेतून बाहेर आली, किती बायका रात्री निर्धास्त झोपल्या, किती मोठे व्यापारी हाती लागले, हे आकड्यात मांडायला अवघड. अटक मोजायला सोपी. आणि अटकांमध्येही सगळ्यात सोपी अटक गरिबाची. त्याला ना वकील, ना ओळख.

इथून आपली गोष्ट टुलिया गावात येते.

टुलिया हे टेक्सासच्या उत्तर टोकाला, सपाट माळावरचं शेतीचं गाव. वस्ती पाचेक हजार. कापूस, गहू, गुरं. आपल्याकडच्या एखाद्या बाजारपेठेच्या गावाएवढं. कृष्णवर्णीय कुटुंबं थोडी, तीही बहुतेक मोलमजुरी करणारी. हे गाव ज्या पथकाच्या हद्दीत होतं, ते वीसहून जास्त काउंट्यांचं मिळून झालेलं, बर्न अनुदानावर चालणारं. त्या पथकाच्या पैशातून टुलियाच्या शेरीफकडे एक छुपा पोलीस नेमला गेला. नाव टॉम कोलमन. नशा विकत घेणारा गिऱ्हाईक बनायचं, गावात मिसळायचं, आणि कोण विकतं ते शोधायचं, असं त्याचं काम. ते त्यानं दीड वर्ष केलं.

२३ जुलै १९९९. उजाडायच्या आत पोलिसांनी दारं ठोकली. ४६ जणांवर आरोप होते. त्यातले सुमारे ४० कृष्णवर्णीय. गावातल्या मोठ्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी दहातला एक तरी त्या यादीत होता. माणसांना अंगावरच्या अर्ध्या कपड्यांत बाहेर काढलं, टीव्हीचे कॅमेरे हजर. स्थानिक वर्तमानपत्रानं रस्त्यावरचा कचरा साफ झाला अशा अर्थाचा मथळा दिला.

आता नीट ऐका. त्या पहाटे एवढ्या घरांवर धाड पडली, तरी अमली पदार्थ सापडले नाहीत, पैसा सापडला नाही, हत्यारं सापडली नाहीत. पाच हजारांच्या गावात चाळीस-पन्नास कोकेन विकणारे, आणि एकाच्याही घरात काही नाही. मग घेणारे तरी किती असायला हवेत? आपल्या गावात एक हातभट्टी कुठं आहे ते शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं.

पुरावा काय होता? कोलमनचा शब्द. आवाजाची नोंद नाही, चित्रफीत नाही, बरोबर दुसरा पोलीस नाही. व्यवहार कधी, कुणाशी, हे आपण आपल्या पायावर लिहून ठेवत होतो, असं तो सांगायचा. आमच्या गटात एखादीनं हिशोब हातावर लिहून आणला, तर मावशी तिला बैठकीत बसू देतील का? इथं त्या लिहिण्यावर माणसं तुरुंगात गेली.

खटले सुरू झाले. अमेरिकेत ज्युरी असते, म्हणजे त्याच भागातले बारा नागरिक बसून दोषी की निर्दोष ते ठरवतात. इथं पंचांत बहुतेक सगळे गोरे. पहिला उभा राहिला साठीकडे झुकलेला, डुकरं पाळणारा एक शेतकरी. त्याला ९० वर्षं. आणखी एकाला सगळ्या शिक्षा मिळून तीनशेच्या वर वर्षं. हे आकडे ऐकून बाकीच्यांचे पाय गळाले. सरकारी वकील म्हणाले, गुन्हा कबूल करा, कमी शिक्षा देतो. न केलेला गुन्हा अनेकांनी कबूल केला. घरी लहान पोरं, हाती पैसा नाही, माणूस करणार काय? एकूण ३८ जणांना शिक्षा झाली. आणि त्याच कामासाठी कोलमनचा राज्य पातळीवर वर्षातला उत्कृष्ट अधिकारी म्हणून गौरव झाला.

त्या यादीत एका आईची चार मुलं होती. ती बाई स्वतः तुरुंगात पहारेकरी म्हणून नोकरी करायची. दिवसा दुसऱ्यांच्या मुलांवर पहारा, आणि आपली मुलं दुसऱ्या तुरुंगात. एका मुलाला ६० वर्षं, एकाला १२, एका मुलीला २५. मुलीची लेकरं आजीनं सांभाळली. नोकरी, नातवंडं आणि कोर्टाच्या खेपा, तिन्ही एका बाईवर. असं घर कुणीही अनुदानाच्या अहवालात लिहिलं नाही. अहवालात चार अटका दिसल्या असतील.

पण चौथी मुलगी वाचली. कशानं वाचली, ते आपल्या गटांनी मुद्दाम ऐकावं. कोलमनच्या म्हणण्यानुसार ज्या दिवशी तिनं टुलियात कोकेन विकलं, त्या दिवशी ती शेजारच्या राज्यात, ओक्लाहोमा शहरात, बँकेत गेली होती. बँकेच्या व्यवहाराच्या नोंदीवर तारीख होती. त्या एका कागदामुळं एप्रिल २००२ मध्ये तिच्यावरचा खटला सरकारला मागे घ्यावा लागला. आणखी एक गडी कामाच्या ठिकाणच्या हजेरीच्या नोंदीवर आणि मालकाच्या साक्षीवर सुटला. पासबुक आणि हजेरीपत्रक! मी दर महिन्याला "नोंद करा, तारीख घाला" म्हणून डोकं खाते, तेव्हा तुमच्यातल्या काही जणी हसतात. हसा, पण तारीख घाला.

बँकेच्या त्या कागदानं कोलमनचं पितळ उघडं पडायला लागलं. अमरिलो शहरातले वकील जेफ ब्लॅकबर्न या खटल्यात आधीपासून झगडत होते. त्यांच्यासोबत न्यूयॉर्कहून आली वनिता गुप्ता. वकिलीचं शिक्षण नुकतंच संपवलेली, पंचविशीतली मुलगी. आईवडील भारतातून तिकडे गेलेले, म्हणजे आपल्याच मुळाची म्हणा ना. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी खटले लढवणाऱ्या संस्थेत तिची पहिलीच नोकरी. तिनं मोठमोठ्या वकील कंपन्यांना विनामोबदला कामाला लावलं. हीच वनिता गुप्ता २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यात तिसऱ्या क्रमांकाच्या पदावर बसली.

वकिलांनी कोलमनचा पूर्वेतिहास बाहेर काढला. तो टुलियात काम करत असतानाच, आधीच्या नोकरीच्या काउंटीतून त्याच्या नावावर चोरीच्या आरोपाचं वॉरंट निघालं होतं. सरकारी पेट्रोल स्वतःच्या गाडीत भरल्याचा आरोप. गावात उधाऱ्या बुडवून आलेला. शेरीफला हे कळलं होतं. कोलमननं पैसे भरले आणि तो पुन्हा त्याच कामावर लागला. का? त्याच्या कामाचा पैसा वरून येत होता, आणि कामाचा आकडा चांगला दिसत होता. शेरीफच्या खिशातून, गावाच्या करातून पगार जात असता, तर कुणीतरी विचारलं असतं, असं मला वाटतं.

मार्च २००३ मध्ये निवृत्त न्यायाधीश रॉन चॅपमन यांच्यासमोर पुन्हा सुनावणी झाली. कोलमनला तासन्‌तास प्रश्न विचारले गेले आणि त्याची उत्तरं एकमेकांशी जुळेनात. शेवटी न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं, हा माणूस शपथेवर विश्वास ठेवण्याजोगा साक्षीदार नाही. जून २००३ मध्ये अजून तुरुंगात असलेले १२ जण बाहेर आले. ऑगस्टमध्ये राज्यपाल रिक पेरी यांनी ३५ जणांना माफी दिली. २००४ मध्ये सुमारे ६० लाख डॉलर भरपाई ठरली आणि ते पथक बंद झालं. २००५ मध्ये कोलमनवर खोट्या साक्षीचा गुन्हा शाबीत झाला. तोही कशाबद्दल, तर त्या जुन्या चोरीच्या प्रकरणाबद्दल शपथेवर खोटं बोलल्याबद्दल. शिक्षा दहा वर्षांची, पण तुरुंगाबाहेर देखरेखीखाली. निरपराध माणसांनी मात्र चार-चार वर्षं आत काढली होती.

तुम्ही म्हणाल, एक वाईट माणूस निघाला, त्यात निधीचा काय दोष? मलाही आधी असंच वाटलं. पण टुलियाच्या धाडीनंतर वर्ष-सव्वा वर्षानं, नोव्हेंबर २००० मध्ये, त्याच टेक्सासमधल्या हर्न गावात तसंच घडलं. पथक दुसरं, पण बर्न अनुदानावरचंच. एका खबऱ्याच्या शब्दावर २८ जण धरले, जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. त्यात चार लहान मुलींची एक तरुण आई होती. तिलाही सांगितलं, गुन्हा कबूल कर, घरी जा. तिनं नाही म्हटलं. खबऱ्या खोटा निघाला आणि खटले मागे घ्यावे लागले. माणूस वेगळा, गाव वेगळं, पण मोजणी तीच. म्हणून टेक्सासमध्ये लोकांनी नुसता कोलमन नव्हे, पथकांची पद्धतच बदला म्हणून आवाज उठवला. २००१ मध्ये तिथं कायदा झाला की खबऱ्याच्या एकट्याच्या शब्दावर अमली पदार्थाच्या खटल्यात शिक्षा होणार नाही, त्याला दुसरा पुरावा लागेल. काही वर्षांत राज्यानं या पथकांचं अनुदान थांबवलं.

आता सामानाकडे वळू, कारण मावशींनी गाड्यांचं म्हटलं होतं. १९९० च्या आसपास अमेरिकेच्या संसदेनं ठरवलं की लष्कराकडचं जास्तीचं सामान अमली पदार्थांच्या कामासाठी पोलिसांना द्यावं. १९९७ पासून ही योजना १०३३ या कलमाच्या क्रमांकानं ओळखली जाते. ब्लँकेटं, टॉर्च, कपाटं यांच्यापासून रायफली आणि चिलखती गाड्यांपर्यंत सगळं मिळतं. सामानाला पैसे नाहीत, नेण्याआणण्याचा आणि देखभालीचा खर्च तेवढा आपला. सहा-सात लाख डॉलरची सुरुंगरोधक गाडी गावच्या पोलिसाला जवळपास फुकट. आजवर सात अब्ज डॉलरहून जास्त मूळ किमतीचं सामान असं गेलं. आणि त्यात एक अट होती, सामान मिळाल्यापासून वर्षाच्या आत वापरात आणायचं.

अट चांगल्या हेतूची, सामान धूळ खात पडू नये म्हणून. पण बाई, घरात नवी कढई आली की आपण उगीचच तळण काढतो की नाही? दार फोडून आत शिरणारी, लष्करासारख्या वेशातली विशेष पथकं तिकडे असतात. पीटर क्रास्का नावाच्या अभ्यासकाच्या अंदाजानुसार १९८० च्या सुमाराला अशा पथकांचा वापर वर्षाला ३,००० वेळा व्हायचा, पंचवीस वर्षांनी तो ४०,००० च्या वर गेला. त्यातले बहुतेक छापे अमली पदार्थांच्या झडतीसाठी. ओलीस ठेवलेल्यांना सोडवण्यासाठी काढलेली पथकं घराघरांत शिरू लागली.

कीन नावाच्या एका शांत गावाची गंमत सांगते. वस्ती २३,००० च्या आसपास. २०१२ च्या सुमाराला त्या गावानं केंद्राच्या दुसऱ्या एका अनुदानातून सुमारे २ लाख ८५ हजार डॉलरची चिलखती गाडी मागितली. मागणीपत्रात धोक्याचं ठिकाण म्हणून गावच्या भोपळ्यांच्या जत्रेचंही नाव घातलं होतं! गावकऱ्यांनीच विचारलं, आम्हाला ही कशाला? तरी गाडी आलीच. फुकट मिळतंय तर सोडायचं कसं, हा विचार फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका.

२०१४ मध्ये फर्ग्युसन शहरात मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीनं मेला. लोक रस्त्यावर आले, तर समोर चिलखती गाड्या आणि रायफली रोखलेले पोलीस. ती चित्रं टीव्हीवर पाहून साऱ्या देशानं विचारलं, हे सामान गावच्या पोलिसांकडे आलं कुठून? २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी काही सामानावर बंदी घातली, २०१७ मध्ये ट्रम्प यांनी ती उठवली, २०२२ मध्ये बायडन यांनी पुन्हा बंधनं आणली. तो झगडा संपलेला नाही. आणि बर्न निधी? २००५ मध्ये तो दुसऱ्या एका अनुदानात मिसळून नव्या रूपात सुरू झाला, मधल्या काळात कमी झाला, आणि २००९ मध्ये मंदीवरचा उपाय म्हणून त्यात एकदम दोन अब्ज डॉलर घातले गेले. पोलिसांचा निधी बंद करा म्हणायला कोणताच पक्ष धजत नाही.

आता एक उलट बाजू सांगते, नाहीतर मावशी म्हणतील, हिला पोलीसच नकोत. १९९८ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं गोळी अडवणाऱ्या जाकिटांसाठी वेगळं अनुदान सुरू केलं. निम्मे पैसे केंद्राचे. जाकिटानं पोलिसाचा जीव वाचतो, आणि त्यासाठी कुणाला पकडून दाखवावं लागत नाही. तसंच १९८९ मध्ये मायामी शहरात एक वेगळं कोर्ट सुरू झालं. नशेच्या आहारी गेलेल्याला तुरुंगाऐवजी उपचार द्यायचे आणि न्यायाधीशानं दर काही दिवसांनी त्याची प्रगती विचारायची. पुढं केंद्रानं अशा कोर्टांनाही अनुदान दिलं. म्हणजे पैसा वरून आला म्हणून वाईट झालं, असं नाही. एका निधीनं अटका मोजल्या, दुसऱ्यानं सुधारलेली माणसं मोजली. ज्याची मोजणी, त्याचीच वाढ.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते, ते सांगायला मला थोडी लाज वाटते. पण सांगते.

मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. मार्चअखेर आली आणि वरून विचारणा, गट किती झाले? माझा आकडा तीननं कमी होता. मी वाडीवर जाऊन बायकांची नावं गोळा केली, आधार कार्डाच्या झेरॉक्स घेतल्या, एका बैठकीचं इतिवृत्त घरी बसून लिहिलं. तीन गट कागदावर उभे राहिले. माझं कौतुक झालं, बैठकीत टाळ्या वाजल्या. दीड वर्षानं त्या वाडीतली एक बाई माझ्याकडे आली. नवरा गेलेला, शेळ्या घ्यायच्या होत्या, शेजारच्या चालू गटात नाव घालायचं होतं. संगणकावर उत्तर आलं, यांचं नाव आधीच एका गटात आहे. तो गट म्हणजे माझ्या कागदावरचा. ते नाव काढायला पाच महिने लागले. तोवर तिनं सावकाराकडून पैसे उचलले होते. मी काही कोलमन नव्हते. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. मला फक्त आकडा भरायचा होता. टुलियाची गोष्ट वाचली तेव्हा पहिल्यांदा मला ती बाई आठवली.

म्हणून मावशींना माझं उत्तर असं. पोलिसांना गाडी मिळू दे, माणसं मिळू दे. हातभट्टी बंद व्हायलाच हवी, तिच्यापायी आपल्या किती जणींचे संसार मोडले ते मला माहीत आहे. पण ग्रामसभेत आपण फक्त "धाड टाका" म्हणून थांबलो, तर कागदावर धाडी वाढतील आणि त्यात पिऊन पडलेला रामा, शामा दिसेल. आपण विचारायचं, विकणारे किती बंद झाले? गूळ, नवसागर कुठून येतो, तो रस्ता बंद झाला का? व्यसनातून सुटायला किती जणांना दवाखान्यापर्यंत नेलं? कुणावर खोटी केस झाली, तर तपासणार कोण? आणि हे दर तीन महिन्यांनी विचारायचं, इतिवृत्तात लिहायचं, खाली सह्या घ्यायच्या.

आपल्या गटाच्या निधीलाही हाच नियम लावा. फिरता निधी आला, कर्ज मिळालं, आकडा मोठा झाला. छान. पण त्या पैशातून कुणाची चूल पेटली, कुणाची मुलगी शाळेत टिकली, हेही आपल्या वहीत एका ओळीत लिहा. वरचे विचारणार नाहीत. आपण लिहायचं.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं पासबुक आणावं, नोंदी तारखेसकट मिळवून घेऊ. आणि मावशी, तुम्ही हातभट्टीचा विषय पुन्हा काढा. या वेळी प्रश्न आपण आधी लिहून नेऊ.